सापांचे कपाट : एका घरगुती रचनेची तपासणी

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि युरोपातील काही देशांत साप पाळणे हा एक रूढ छंद आहे. या छंदाबरोबर एक फर्निचरही जन्माला आले. तिकडे त्याला नुसते ‘रॅक’ म्हणतात. दिसायला ते आपल्याकडच्या जुन्या किराणा दुकानातील खणांच्या कपाटासारखे असते. फरक इतकाच, की लाकडी खणांऐवजी त्यात प्लॅस्टिकचे अर्धपारदर्शक टब सरकवलेले असतात आणि प्रत्येक टबात डाळ-तांदूळ नसून एकेक साप असतो. बाजारात तयार रॅक मिळतात, पण ते महाग पडतात. त्यामुळे प्लायवुड, स्क्रू, तापपट्टी आणि थर्मोस्टॅट आणून घरीच असे कपाट करण्याची प्रथा पडली. त्याच्या कृती छंदिष्टांच्या पुस्तिकांतून आणि मेळाव्यांतून हातोहात फिरत आल्या आहेत.

या कपाटाची तपासणी आम्ही करणार आहोत ती साप पाळण्याची शिफारस करण्यासाठी नव्हे. आपल्या देशात त्याला कायद्याचीच आडकाठी आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. परंतु एक रचना म्हणून ही वस्तू विलक्षण बोलकी आहे. उष्णतेचे वहन, समांतर जोडणी, प्रतिपोषण, फळीचा वाक, पायथागोरसचा सिद्धांत असा शालेय विज्ञानाचा निम्मा अभ्यासक्रम तिच्यात सापडतो. आणि इतके विज्ञान वापरूनही एक रचना आपल्या मुख्य प्रश्नाला बगल कशी देऊ शकते, हेही तिच्यात दिसते.

प्रथम या खणात राहणारा प्राणी कोण ते पाहू. बहुतेक वेळा तो ‘बॉल पायथन’ असतो. शास्त्रीय नाव पायथन रेजियस. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील हा लहान चणीचा अजगर घाबरला की डोके मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. पूर्ण वाढलेला साप साधारण ९० ते १५० सेंटिमीटर लांब भरतो, मादी नरापेक्षा मोठी. घाना, टोगो, बेनिन या देशांतून हे साप मोठ्या संख्येने परदेशी गेले. १९९२ साली अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी या जातीचे वर्णहीन पिल्लू बंदिवासात जन्माला घातले. हा रंगदोष अप्रभावी जनुकामुळे येतो हे एकदा सिद्ध झाल्यावर निरनिराळ्या रंगांच्या व नक्षीच्या वाणांची चढाओढ सुरू झाली. मेंडेलचे नियम लावून रंग मिळवायचे तर दोन-चार साप पुरत नाहीत, दहावीस लागतात. दहावीस काचेच्या पेट्या ठेवायला घरात जागा नसते. अशा रीतीने कपाटाची गरज जनुकशास्त्रातून निर्माण झाली असे म्हटले तरी चालेल. त्या चढाओढीची किंमतही नोंदवायला हवी. ‘स्पायडर’ नावाच्या लोकप्रिय वाणातील सापांचे डोके डुगडुगते, त्यांना तोल सांभाळता येत नाही. आंतरकर्णाच्या रचनेतच दोष असल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. खणात वेटोळे घालून बसलेल्या सापाचा असा दोष सहज नजरेस येत नाही, हा आमचा शेरा.

आता रचना. दोन उभ्या बाजू, त्यांमध्ये आडव्या फळ्या, आणि दोन फळ्यांमधील अंतर टबाच्या उंचीपेक्षा जेमतेम जास्त. टबाला झाकण नसते, वरची फळी हेच त्याचे झाकण. ही कल्पना खरोखर हुशारीची आहे. झाकणांचा खर्च वाचतो, खण ओढला की लगेच उघडतो, ढकलला की बंद. मात्र टबाचा काठ आणि वरची फळी यांमधील फट तीन मिलिमीटरच्या आतच ठेवावी लागते. सापाचे डोके जिथून जाते तिथून त्याचे अंग जाते, आणि नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिलाचे डोके फार लहान असते. येथे बहुतेक घरगुती कपाटांची पहिली चूक होते. फळी आज सरळ असते, सहा महिन्यांनी ती नसते. एकूण भार तोच ठेवून टेकूंमधील अंतर दुप्पट केले तर फळीचा वाक आठपट होतो. त्यातही भुशाच्या दाबीव फळ्या सततच्या भाराखाली हळूहळू वाकतच राहतात. वरची फळी वाकली की टब अडकतो. खालची वाकली की टबाचा मधला भाग खाली बसतो आणि फट वाढते. दोन टब शेजारी बसतील अशी रुंद फळी घेणाऱ्याने मध्ये उभा टेकू दिलाच पाहिजे. कृती लिहिणारे हे क्वचितच सांगतात, कारण कृती बहुधा कपाट नवे असतानाच लिहिली जाते.

हवेसाठी टबाच्या बाजूंना गरम सळईने भोके पाडतात. भोके जास्त झाली तर हवा कोरडी पडते, कमी झाली तर आत घाम धरतो. हे काम अंदाजानेच चालते आणि अंदाज साधारण जमतो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

कपाटाचा गाभा म्हणजे उष्णता. साप शरीराचे तापमान आतून राखत नाही. तो उबेकडे किंवा गारव्याकडे सरकून ते राखतो. बॉल पायथनसाठी टबाच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश असावे असे मानतात. यासाठी फळीच्या मागील भागात खोबण काढून तापपट्टी बसवतात. ही पट्टी म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये कार्बनच्या शाईचे आडवे पट्टे आणि दोन्ही कडांना धातूची वाहक पट्टी. म्हणजे शिडीसारखी रचना : कडा म्हणजे शिडीचे उभे दांडे, कार्बनचे पट्टे म्हणजे पायऱ्या. प्रत्येक पायरी समांतर जोडलेली असल्याने पट्टी हव्या त्या लांबीची कापता येते आणि लांबीच्या प्रमाणात शक्ती मिळते. समांतर जोडणी शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हांला आठवत नाही. अमेरिकेतील पट्टी १२० व्होल्टसाठी केलेली असते. ती कोणी आपल्याकडच्या २३० व्होल्टवर लावली तर उष्णता दुप्पट होणार नाही, शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे ३.७ पट होईल. आणि कापलेल्या टोकाशी घरातील पूर्ण विद्युतदाब उघडा पडतो, त्याच्या चार बोटे वर पाण्याचे भांडे असते. या टोकांचे आवरण कसे करावे यावर एक ओळ आणि फळीला कोणता रंग द्यावा यावर अर्धे पान, असे प्रमाण असलेली कृती आम्ही चांगली मानत नाही.

पण याहून खोल दोष दुसरीकडे आहे. तो समजायला थोडे गणित करावे लागेल. एखाद्या थराच्या जाडीला (मीटरमध्ये) त्याच्या उष्णतावाहकतेने भागले की प्रत्येक चौरस मीटरमागे त्या थराचा उष्णतारोध मिळतो. टबाचा तळ दोन मिलिमीटर प्लॅस्टिकचा, त्याची वाहकता सुमारे ०.१५, म्हणून रोध ०.०१३. त्यावर वर्तमानपत्राची घडी, रोध साधारण ०.०१. त्यावरच्या हवेच्या थराचा रोध सुमारे ०.१२५. पट्टी ३३ अंशांवर राखली आणि टबातील हवा २५ अंशांवर आहे असे धरले, तर ८ अंशांचा फरक या तीन थरांत त्यांच्या रोधाच्या प्रमाणात वाटला जातो. वर्तमानपत्राच्या पृष्ठाचे तापमान सुमारे ३१.८ अंश येते. उत्तम. कपाट नेमके हेच करते, आणि कृती लिहिणारा थर्मामीटर ठेवून समाधानाने मान डोलावतो.

येथे एक छोटी गोष्ट आधी घ्या. टबाच्या तळाला पुष्कळदा बारीक पाय किंवा कंगोरे असतात. त्यामुळे तळ आणि पट्टी यांत तीन मिलिमीटर हवा राहिली तर तिचा रोध, प्रारणाने जाणारी उष्णता हिशेबात धरूनही, ०.०७ च्या घरात जातो. एवढ्यानेच पृष्ठाचे तापमान दोन अंशांनी उतरते. दोन शेजाऱ्यांनी एकाच कृतीवरून केलेली कपाटे वेगवेगळी तापतात त्याचे हे एक साधे कारण.

आता वर्तमानपत्र काढून सापाला बिळासारखे शिरता येईल असा पाच सेंटिमीटर रंध्याचा भुसा टाका. त्याची वाहकता सुमारे ०.०६, म्हणून रोध ०.८३. सबंध १८ मिलिमीटर प्लायवुडचा रोध सुमारे ०.१४ आहे, म्हणजे भुशाचा थर फळीच्या सहापट रोधक. पुन्हा तोच हिशेब केला तर भुशाच्या पृष्ठाचे तापमान येते जेमतेम २६ अंश. पृष्ठ ३१ अंशांवर आणायचे तर पट्टी ७० अंशांच्या आसपास तापवावी लागेल, आणि भुशात शिरून तळाशी गेलेल्या सापाचे पोट त्या तव्यावर पडेल. शिवाय उष्णता ज्या बाजूला रोध कमी त्या बाजूला जास्त जाते. वर एक भाग गेली तर फळीतून खाली साडेतीन भाग जाईल, आणि खालच्या खणातील सापाचे छत तापेल. पाळीव सरपटणाऱ्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना पोटावरच्या भाजण्याच्या जखमा वारंवार पाहायला मिळतात, यात आश्चर्य नाही.

याचा अर्थ असा, की तळातून तापवण्याची योजना स्वीकारली त्या क्षणी भुसा बाद झाला. रॅकमधील साप कागदावर राहतो तो स्वच्छतेसाठी, असे सांगितले जाते. स्वच्छतेची सोय होते हे खरे, पण रचनेलाही कागदच परवडतो. बॉल पायथन निसर्गात वाळवीच्या वारुळांत आणि उंदीर-घुशींसारख्या प्राण्यांच्या बिळांत राहतो. बिळात राहणाऱ्या प्राण्यासाठी असे घर बांधले गेले, की ज्यात बीळ करायला वाव दिला तर घरच निकामी होते.

हा प्रयोग वर्गात साप न आणता सहज करता येतो. पसरट पातेल्यात ५० अंशांचे पाणी घ्या, त्यावर पत्र्याचा तुकडा ठेवा. अर्ध्या भागावर वर्तमानपत्राची घडी आणि उरलेल्या अर्ध्या भागावर सुताराकडून आणलेल्या भुशाचा पाच सेंटिमीटरचा थर पसरा. दहा मिनिटांनी दोन्हींच्या पृष्ठावर व भुशाच्या तळाशी थर्मामीटर लावा. पाणी निवत जाते म्हणून तिन्ही मोजमापे लागोपाठ घ्यावीत. आलेले आकडे वरच्या हिशेबाशी ताडून पाहावेत आणि तफावत का आली याची चर्चा मुलांनीच करावी.

थर्मोस्टॅटविषयीही हेच. कपाटात पाच खण असले तरी संवेदक बहुधा एकच असतो आणि तो एकाच फळीवर पट्टीला चिकटवलेला असतो. थर्मोस्टॅटला सापाचे तापमान ठाऊक नसते, खोलीचे नसते, इतर चार खणांचेही नसते. त्याला फक्त स्वतःच्या टोकाचे तापमान ठाऊक असते. संवेदक असलेला टब साफ करायला बाहेर काढून ठेवला, तर ती पट्टी उघडी पडून गार होते, थर्मोस्टॅट सर्वच पट्ट्यांना जास्त वीज देतो आणि बाकीचे चार साप तापतात. संवेदक चिकटपट्टी सुटून खाली लोंबला तर तो खोलीचे तापमान वाचतो. खोली ३३ अंशांवर काही येत नाही, म्हणून वीज बंदच होत नाही. प्रतिपोषणाची साखळी तुटली तर यंत्रणा कोणत्या बाजूला पडते, हा रचनाकाराचा पहिला प्रश्न असायला हवा. येथे ती धोक्याच्या बाजूला पडते. उपाय अवघड नाही : थोड्या वरच्या तापमानाला वीज तोडणारा दुसरा स्वतंत्र थर्मोस्टॅट ओळीत जोडायचा. त्याने खर्च वाढतो आणि घरगुती कपाटाचे मुख्य आकर्षण स्वस्ताई असते.

आता जागा. प्रौढ सापासाठी वापरला जाणारा टब बाहेरून साधारण ८० सेंटिमीटर लांब, ४२ रुंद आणि १५ उंच असतो. तळाचा कर्ण काढा : ६४०० अधिक १७६४, त्याचे वर्गमूळ सुमारे ९०. टबाच्या भिंती खाली निमुळत्या असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. १२० सेंटिमीटरच्या मादीला या टबात कोणत्याही दिशेने सरळ होता येत नाही, आज नाही आणि पुढची वीस वर्षेही नाही. क्लिफर्ड वॉरविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली या प्रश्नाचा आढावा घेऊन सापाला निदान पूर्ण ताणता येईल एवढी जागा असलीच पाहिजे असे मांडले. जर्मनीत १९९७ साली तज्ज्ञांनी सरकारसाठी केलेल्या अहवालात सापांच्या घराची मापे सापाच्या शरीरलांबीच्या पटीतच दिली होती. कपाटाच्या कृतीत मात्र माप टबावरून ठरते. बाजारात जो टब मिळतो त्यावरून फळ्यांचे अंतर काढायचे, आणि सापाने त्यात मावायचे.

कपाटाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. ते सांगतात, की हा साप लाजरा आहे, मोठ्या उघड्या पेटीत तो बावरतो आणि महिनोन्‌महिने खात नाही. खणाच्या अंधारात, अंगाला भिंत लागली की तो निवांत होतो, खातो, वीण करतो. यातील पहिला भाग अनुभवाचा आहे आणि आम्ही तो मानतो. रिकाम्या, चहूकडून काच असलेल्या पेटीपेक्षा खण बरा. आजारी किंवा नव्याने आणलेल्या सापाला काही आठवडे वेगळे ठेवायला तर खण फारच सोयीचा. पण बावरलेल्या सापाला लपायला जागा हवी असते. लपायची जागा म्हणजेच सबंध घर, असे त्यातून निघत नाही. मोठ्या पेटीत दोन अंधाऱ्या ढोली ठेवल्या तर तीच गरज भागते.

दुसरा भाग, खातो आणि वितो म्हणून सुखी आहे, हा तर्क आपण दुसरीकडे ऐकला आहे. पिंजऱ्यातील कोंबडीही अंडी घालत होतीच. तरीही युरोपीय संघाने १९९९ साली निर्णय घेतला आणि २०१२ पासून तसल्या उजाड पिंजऱ्यांवर बंदी आली. आणि दिवसभर बिळात पडून असलेला साप रात्री काय करतो? लुका लुइसेली आणि फ्रान्चेस्को आन्जेलिची यांनी नायजेरियाच्या जंगलांतील बॉल पायथनांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. त्यात नरांच्या खाण्यात पक्ष्यांचे प्रमाण मोठे आढळले, माद्यांच्या खाण्यात सस्तन प्राण्यांचे. नर झाडांवर चढणारे निघाले. ज्या प्राण्याला ‘जमिनीवरचा आळशी’ म्हणून १५ सेंटिमीटर उंचीचे घर दिले, त्याचा अर्धा वंश झाडावर चढून पाखरे धरत होता. २०२१ साली म्यूनिकच्या विद्यापीठातील संशोधकांनी तेच साप आळीपाळीने रॅकमध्ये आणि फांद्या, ढोली, माती असलेल्या पेटीत ठेवून त्यांच्या वागणुकीची नोंद केली. पेटीत साप चढत होते, उकरत होते. रॅकमध्ये त्या वागणुकीला वावच नव्हता. या जातीसाठी रॅक योग्य नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला.

आपल्याकडे साप लहान जागेत ठेवण्याची एक निराळी पद्धत आहे, तिच्याशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. तमिळनाडूत इरुळा सर्पपकड्यांची सहकारी संस्था १९७८ साली स्थापन झाली. विष काढण्यासाठी पकडलेले नाग, घोणस, फुरसे, मण्यार मातीच्या मडक्यांत ठेवायचे, तळाशी थोडी वाळू, तोंडाला सुती फडके बांधलेले. मडके टबापेक्षाही लहान. पण त्याची भाजलेली माती हवा व ओल खेळती ठेवते, तापवायला वीज लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तीन-चार आठवड्यांत विष काढून झाले की साप पुन्हा रानात सोडायचा. तो लगेच पुन्हा धरला जाऊ नये म्हणून पोटाच्या खवल्यावर खूण करायची. मडक्याच्या रचनेत मुदत धरलेली आहे. कपाटाच्या कृतीत मापे, साहित्य, खर्च सगळे असते, मुदत कुठेच नसते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी साप घरी किंवा शाळेत बाळगण्यास बंदी आहे. धामण असो वा दिवड, ‘बिनविषारी आहे, दोन दिवस प्रयोगशाळेत ठेवू’ हेही चालत नाही. परदेशी जातींपैकी ज्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या याद्यांत आहेत, आणि बॉल पायथन त्यांत आहे, त्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने आवश्यक केली आहे. शाळेच्या आवारात साप निघाला तर वनखात्याला कळवावे.

राहता राहिला प्रश्न कपाट सुधारता येईल का हा. येईल. खणाची उंची ४५ ते ६० सेंटिमीटर, लांबी सापाएवढी, पुढे सरकती काच. उष्णता तळातून न देता छताला बसवलेल्या तापफलकातून, म्हणजे वरून प्रारणाने द्यायची. मग खाली हवा तेवढा भुसा किंवा माती टाकता येते, कारण पृष्ठ वरून तापते आणि खाली उकरत जावे तसा गारवा मिळतो, निसर्गातही असेच असते. फलकाला जाळी, प्रत्येक खणाला स्वतःचा संवेदक, आणि सर्वांवर मिळून वीज तोडणारा एक राखीव थर्मोस्टॅट. आतून एक आडवी फांदी. सुतारकाम तेच, फळ्या त्याच. फक्त ज्या भिंतीला आधी दहा खण बसत होते, तिला आता तीन बसतील.